नजरेचा रकाना

"मले म्हातारे लोक फार आवडतात असं काही नाही," लांजेवार बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "किरकिर करतात, एकच गोष्ट चारदा सांगतात, थुंकतात कुठंही. तुमाले ते आवडले पायजेत असं कोणी सांगितलं? नीट पाहा त्यायच्याकडे. बस."

आम्ही पाच जण एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी नुकतंच एमडी झालेलं, कुणी फिजिओथेरपिस्ट, एक समाजकार्य शिकलेली मुलगी. वार्धक्य आणि वृद्धांचं आरोग्य या विषयात आम्हाला संशोधन करायचं होतं. त्यासाठी नागपूरच्या एका संस्थेनं आम्हाला निवडून सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला पाठवलं होतं. निवडीच्या मुलाखतीत आम्ही प्रत्येक जण आपापल्या आजीबद्दल गहिवरून बोललो होतो. मी तर डोळेही पुसले होते. आणि इथे ही पासष्टीची, ठेंगणी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली बाई आम्हाला सांगत होती की गहिवर नको.

शिकवायला कुणीतरी मोठे प्रोफेसर असतील अशी आमची समजूत होती. निघाल्या निवृत्त नर्स. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी याच भागातल्या उपकेंद्रांमध्ये काढलेली. संस्थेनं शोधनिबंध बरेच छापले होते. बाईंचं नाव त्यांतल्या एकावरही नव्हतं. पण ते निबंध लिहिणारे सगळे कधी ना कधी बाईंच्या हाताखालून गेलेले होते. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी, हातात बारा महिने छत्री. झोळीत वजनकाटा, टॉर्च, टेप आणि औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेली बडीशेप. ती बडीशेप त्या फक्त स्वतः खायच्या. कुणाला विचारायच्याही नाहीत.

त्यांच्या शिकवण्याला अभ्यासक्रम असा नव्हताच. म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि मनात वीस आकडे मोजायचे, हा पहिला नियम. मी तिसऱ्या आकड्याला प्रश्न बदलून विचारायची, सहाव्याला पर्याय सुचवायची, दहाव्याला पुढच्या प्रश्नावर जायची. बाई मागे उभ्या राहून छत्रीच्या मुठीवर बोट वाजवत. वीस वेळा. पंधरा-सोळाव्या टकटकीला समोरचा म्हातारा तोंड उघडायचा आणि मग जे सांगायचा, ते आमच्या चार पर्यायांत कुठेच बसत नसे. संध्याकाळी बाई मला विचारायच्या, "गाडी सुटून राहिली होती का तुमची, डॉक्टरीणबाई?"

आमच्यात कौस्तुभ नावाचा पुण्याचा एक फिजिओथेरपिस्ट होता, रोज पहाटे व्यायाम करणारा, दंड दाखवायला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा. सानगडीच्या बाजाराच्या दिवशी बाईंनी त्याच्या बुटांत मूठभर धान टाकलं, कानात कापूस घातला, चष्म्याला व्हॅसलीन फासलं, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या आवळल्या आणि म्हणाल्या, "जा, पावशेर मिरच्या आणा." सोबतीला मला धाडलं. बाजारात पोरं हसली, ते सोडा. मिरचीवाल्या बाईनं कौस्तुभकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "यायले काय पायजे?" पुढच्या दुकानातही तेच. पाऊण तासात त्याच्याशी थेट कुणीही बोललं नाही. परत आल्यावर आम्हाला वाटलं, बाई पाय दुखले का, दिसलं का, असं विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्यासंग कोण बोललं?" कौस्तुभ बूट काढत म्हणाला, "कुणीच नाही."

"मंग उद्यापासून सुनेले बुढीची भूक विचारू नका," बाई म्हणाल्या आणि बडीशेप तोंडात टाकली.

आणि तो रकाना. आमचे फॉर्म नागपूरहून छापून येत. त्यात एक प्रश्न होता: काल दोन वेळा जेवलात का? या गावांत त्याचं उत्तर एकच मिळतं. घरी आलेल्या माणसासमोर 'नाही जेवलो' म्हणणं म्हणजे घराची अब्रू ओट्यावर मांडणं. मरायला टेकलेला म्हाताराही 'हव जी, झालं जेवन' म्हणतो आणि वर तुम्हालाच जेवून जा म्हणतो. म्हणून बाईंनी तो प्रश्न विचारायला बंदी केली होती. आम्ही विचारायचं, "काल भाजी कायची होती?" आणि उत्तराआधी म्हातारं माणूस कुठे पाहतं ते लिहायचं. त्यासाठी प्रत्येक फॉर्मच्या समासात बाई स्वतः पट्टी धरून पेन्सिलीनं एक रकाना आखत. वर लिहीत: नजर. रोज सकाळी तासभर त्यांचं हेच चाले.

नागपूरचे मोठे सर पाहणीला आले तेव्हा त्यांनी तो रकाना पाहून डोक्याला हात लावला. "बाई, कॉम्प्युटरला नजर कळत नाही हो."

"मंग त्याले चष्मा लावा," बाई म्हणाल्या.

पण रकाना खरा होता, हे मी पाहिलंय. एक आजोबा झोपेबद्दल काहीही विचारलं की वर बघायचे. आम्ही आपलं निद्रानाश, चिंता, असं काहीबाही लिहिलं. बाईंनी खाटेजवळ उभं राहून वर पाहिलं. छपराचे तीन कवेलू फुटलेले. पावसाची झड आली की थेट त्यांच्या उशाशी पाणी, आणि मुलाला सांगायची सोय नाही, कारण नातीच्या लग्नाची धावपळ चालू होती. बाईंनी कुणाला नावं ठेवली नाहीत. सरळ शेजारच्या माणसाला शिडी आणायला सांगितलं. पुढच्या भेटीत आजोबा दुपारी घोरत पडलेले होते आणि आम्हाला फॉर्म न भरताच परत यावं लागलं. त्या दिवशी मी बाईंवर इतकी खूश झाले की रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, मला आता म्हातारपण वाचता येतं.

तिथेच माझं चुकायला लागलं.

पार्वताबाईंचं घर आमच्या मुक्कामापासून दहा मिनिटांवर. ऐंशीच्या पुढच्या, चिमणीएवढ्या. मुलगा हैदराबादकडे बांधकामावर, घरी सून रेखा. तिला मूलबाळ नव्हतं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. रेखा सकाळी सासूचं उरकून दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, जायची, दुपारी धावत यायची, पुन्हा जायची. तिच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळलेला असे आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला ती पहिल्यापासून आवडली नव्हती, हे आज कबूल करते. जूनमध्ये म्हातारीचं जे वजन होतं ते ऑगस्टमध्ये दोन किलोनं उतरलं. मी विचारलं, "आजी, काल भाजी कशाची होती?" पार्वताबाई रेखाकडे बघायला लागल्या. मी वीस आकडे मोजले. त्या बघतच होत्या. रेखा म्हणाली, "सांगा ना, माय. तुमालेच पुसून राहिली ते." म्हातारी काही बोलली नाही. मी रकान्यात लिहिलं: सुनेकडे पाहते. घाबरते.

नेमक्या त्याच आठवड्यात बाईंची थोरली बहीण आंबागडला वारली. तेरवी उरकूनच त्या येणार होत्या. बसमध्ये चढताना त्यांनी मला बजावलं होतं, "मी येईपर्यंत फक्त लिहा. कोणासंग बोलू नका."

मी बोलले. ग्रामपंचायतीत आरोग्य शिबिर होतं. सरपंच होते, आशाताई होत्या, बीपी तपासायला आलेली माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले की त्या घरात म्हातारीला उपाशी ठेवतात. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणीतरी मुलाला फोन केला. तिसऱ्या दिवशी तो आला आणि चौकात उभा राहून बायकोला जे बोलला, ते मला इथे लिहायचं नाही. रेखानं भांडी घासून पालथी घातली, सासूचं लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि चालत बसस्टॉपवर गेली. मुलगा आठवड्यानं कामावर परतला. म्हातारी रेखाच्या चुलत जावेकडे सोपवली गेली.

चुलत जाऊ माणूस म्हणून चांगली. गावाचं लक्ष आहे म्हटल्यावर तिनं म्हातारीसमोर भरलेलं ताट ठेवलं: भात, वरण, वांग्याची भाजी. मी त्या ताटाचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

सोळाव्या दिवशी बाई परतल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि छत्री उचलली. आम्ही थेट जावेच्या घरी गेलो. पार्वताबाई अंगानं तापल्या होत्या, छातीत घरघर होती. बाईंनी चमचाभर पाणी पाजलं; म्हातारीला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"हे कवापासून?" बाईंनी विचारलं.

"जेवतानी लागते जी ठसका," जाऊ म्हणाली. "पोटभर खायची सवय नाही ना बुढीले."

बाईंनी टॉर्च लावून तोंड उघडलं. डाव्या गालात भात तसाच साठलेला. ओठाची एक कड किंचित लोंबत होती. मी तीन महिने त्या चेहऱ्यासमोर बसून प्रश्न विचारले होते आणि ती कड मला दिसली नव्हती, कारण मी नजर कुठे जाते ते बघत होते.

"हिले लकवा येऊन गेला. कवा?"

"रेखाले माहीत."

"गोळी कोणती चालू आहे?"

"रेखाले माहीत जी."

"भात कसा खाते? पातळ, घट्ट?"

जाऊनं पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "ते सारं तिलेच माहीत."

साकोलीच्या दवाखान्यात पाच दिवस काढले. ताप उतरला. घशाखाली नीट जात नाही, घास फुफ्फुसात उतरतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणी समजून भरवलं तर जगेल, नाहीतर हे पुन्हा होईल. तिच्या स्वतःच्या घरी आणल्यावर बाईंनी स्वतः भरवायला घेतलं. इतक्या वर्षांचा हात त्यांचा. पार्वताबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बघत राहिल्या. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "चला. सुनेले आणू."

रेखाचं माहेर लाखांदूरकडे. बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बांध्यांमधला धान गुडघ्याएवढा झालेला. मी रडत होते आणि बाईंनी मला गप्प केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मी तुमाले पाहाले शिकवलं. पाहून थांबाले शिकवाले पायजे होतं. ते राहून गेलं." मला त्यांनी रागवायला हवं होतं. त्या स्वतःवरच घेत होत्या आणि ते माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

रेखा अंगणात होती. आम्हाला बघून तिचा चेहरा हलला नाही. तिच्या आईनं पाणी दिलं. रेखा म्हणाली, "त्या कागदावर लिवलं होतं म्हणे माह्यावर. काय लिवलं ते वाचा."

बाईंनी झोळीतून फॉर्म काढला. बरोबर आणला होता त्यांनी. त्यांनी स्पष्ट वाचलं, "सुनेकडे पाहते. घाबरते."

"भेतच होती ते," रेखा म्हणाली. "मी बांधीत गेली का वापस येतो का नाही, म्हून भेत होती. लकव्यापासून काय खाल्लं, कवा खाल्लं, काही याद नाही राहात तिले. मले पुसते. मी सांगितलं का मान हालवते." तिनं ओंजळ दाखवली. "एवढा भात. घोटून, घट्ट. पाठीशी गोधडी लावून, मान खाली कराले लावून. एक घास गिळाले किती वेळ लागते, बसून पाहा. दिवसातून पाच डाव. यापरीस जास्त जातच नाही तिच्या पोटात, तं वजन कुठून येईन?"

मान खाली करून गिळवायचं, हे आमच्या पुस्तकात एका आकृतीसह दिलेलं आहे. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. रेखानं ते रोवणी सांभाळून, ठसके बघत बघत, स्वतःच शोधून काढलं होतं.

"मले का नाही सांगितलं तवाच?" बाई कशाबशा म्हणाल्या.

"पुसलं कोणी मले?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. सुनेला विचारायचं नाही, हा आमचा नियमच होता.

बाईंनी तिला सांगितलं की म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून तोंडच उघडत नाही. मग रेखा म्हणाली, "मी आली तं गाव म्हणन, पकडून आणली."

"गावाले मी सांगीन," बाई म्हणाल्या.

नागपूरच्या सरांना हे कळलं आणि त्यांचा फोन आला. फॉर्म गोपनीय असतो, संस्थेचं नाव यात येता कामा नये, कायदेशीर भानगड होईल, असं ते बरंच काही बोलले. बाई 'हव जी, हव जी' करत राहिल्या आणि दुसऱ्या सकाळी ग्रामपंचायतीत गेल्या. तिथला दवंडीचा माईक त्यांनी मागून घेतला. मी शेजारी उभी होते. मी बोलते म्हणाले, तर म्हणाल्या, "तुमचं सारं पुढं आहे अजून." आणि मी ऐकलं. मला बोलायला हवं होतं. मी ऐकलं, कारण मला ऐकायचंच होतं.

"मी कुसुम लांजेवार बोलून राहिली," गावभर आवाज गेला. "पार्वताबाईच्या सुनेवर जो बोल लागला तो खोटा होता. तिनं सासूले उपाशी नाही ठेवलं. तिच्यामुळंच बुढी जिती होती. चूक माही आहे. मी शिकवलेल्या पोरीनं केली, म्हून माही आहे." हेच त्यांनी तीनदा सांगितलं, शब्दही न बदलता. चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेली माणसं मान खाली घालून घोटतच राहिली.

रेखा त्याच दुपारी आली. आमच्याकडे न बघता घरात गेली आणि "माय, मी आली" म्हणाली. पार्वताबाईंनी तोंड उघडलं. बाई आणि मी दारापुढच्या छपरीत उभ्या होतो, आतून फक्त चमच्याचा आवाज येत होता आणि मध्ये मध्ये रेखाचं "गिळा. आता गिळा."

म्हातारी अकरा दिवस जगली. छातीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. सकाळी घास तोंडात असतानाच गेली.

पुढच्या महिन्यापासून बाईंना संस्थेनं घरी बसवलं. वय झालं, असं कारण दिलं. नवे फॉर्म आले, समास कोरा. मी बाईंच्या घरी जाऊन म्हणाले की रकाना चुकीचा नव्हता, चूक माझी होती. मी सरांना तसं लिहून देते. त्या उडीद निवडत होत्या. म्हणाल्या, "लिहून काय होते? बुढी गेली." मग मला चहा दिला आणि माझ्या गावी, नाशिकला, किती थंडी असते ते विचारलं. इतक्या शांतपणे बोलत होत्या की मला त्यांचा संताप आला. कशाला तरी त्यांनी आदळआपट करावी, असं वाटत होतं.

त्या रोज रेखाकडे जातात, हे मला आशाताईंकडून कळलं. पार्वताबाईंच्या तेरवीपासून एक दिवस चुकवला नव्हता. मी विचारलं तर आधी टाळलं. नंतर म्हणाल्या, "जाऊन उभी राहतो. ती बसा म्हणत नाही." आमच्याकडच्या वाचकाला यातलं किती कळेल कोण जाणे. त्या गावांत उंबऱ्यापाशी आलेल्या कुणालाही, अगदी भांडण असलेल्यालाही, 'बसा जी' म्हटलं जातं. ते न म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावण्याच्या पलीकडचं.

"आणि किती दिवस जाणार?"

"म्हणन तोवर."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तं नाही म्हणन. तिचा हक आहे तो."

डिसेंबरात आमचं प्रशिक्षण संपलं. प्रमाणपत्रं मिळाली, फोटो झाले. वरठी स्टेशनवरून माझी गाडी होती. सकाळच्या बसनं निघाले. सानगडीचा तो रस्ता रेखाच्या घरावरून जातो आणि पुढे बैलगाडी आडवी आल्यामुळे बस तिथे थोडी थांबली. अंगणात रेखा धान पाखडत होती. खुंट्याजवळ बाई उभ्या होत्या, छत्री हातात, पाय जरा फाकलेले, गुडघे दुखणारी माणसं उभी राहतात तशा. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी हाक मारली नाही.

रेखानं सूप खाली ठेवलं आणि खराटा घेतला. कोंडा झाडत झाडत ती बाईंच्या पायांपर्यंत आली. बाई दोन पावलं मागे सरकल्या. रेखानं त्यांची उभं राहायची जागा झाडून घेतली, धानाची टोपली उचलली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही. बाई पुन्हा दोन पावलं पुढे आल्या आणि उभ्या राहिल्या.